वेखंड नव्हतं ते

तुम्ही माझ्या सासूच्या गळ्यात झेंडूचा हार घातला.

विसरला असाल, म्हणून आठवण करून देते. डोंगराकडच्या वाटेवर, अजून नीट उजाडलंही नव्हतं, तेव्हा तुमच्या माणसांनी हातात डबा घेतलेल्या एका म्हातारीला मधे घेतलं. एकाने शिट्टी वाजवली, एकाने हार घातला, एकाने फोटो काढला आणि उरलेला नुसता हसला. तो फोटो तुमच्या नगरपालिकेच्या कचेरीबाहेरच्या फळ्यावर पुढचा सण येईपर्यंत होता. खाली लिहिलं होतं, ‘घरी संडास असूनही उघड्यावर जाणारे नागरिक’. उभ्या जन्मात त्यांना नागरिक म्हणालात ते एवढ्या एकाच वेळी.

त्या का जायच्या, हे तुम्ही विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं, कारण त्यांनी एका माणसाला शब्द दिला होता. आता त्या नाहीत आणि तो माणूसही नाही. शब्द त्या दोघांचा होता, माझा नव्हता. म्हणून मी लिहिते. शाळा माझी चौथीत सुटली, पुढचं वाचणं मी पुड्यांच्या कागदांवर शिकले. चुका काढायच्या असतील तर काढा, पण शेवटपर्यंत वाचून काढा.

माझे मालक, सर्जेराव, तुमच्याच पाणीखात्यात होते. व्हॉल्व फिरवून एकेका आळीला पाणी सोडायचं काम. जुन्या सॅनिटोरियमच्या मागच्या उतारावर तुम्ही कामगारांसाठी क्वार्टर्स बांधली, त्यातली एक आम्हाला मिळाली. दसऱ्याला किल्ली हातात आली. दोन खोल्या, मागे जरासं परसू आणि परसाच्या टोकाला पक्का संडास. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. आत्यांनी, तानुबाईंनी, पहिल्याच दिवशी त्या संडासाची कडी आतून लावून बघितली, काढून बघितली, परत लावून बघितली. जन्मभर झुडपाआड गेलेली बाई. पाऊस असो, थंडी असो, माणसांची चाहूल लागली की उठून उभं राहायचं. बाहेर आल्या आणि म्हणाल्या, “आता म्हातारपणी राणीवानी बसते बघ.” शेजारणींना बोलावून बोलावून त्यांनी ती कडी दाखवली.

हे लक्षात ठेवा. ज्या बाईला तुम्ही हार घातला, तिच्याइतका त्या संडासाचा आनंद गावात दुसऱ्या कुणाला झाला नव्हता.

परसात काही लावायच्या आधीच काहीतरी उगवलेलं होतं. तलवारीच्या पात्यासारखी पानं, हिरवी-राखाडी, एकेका ठिकाणी झुबका. झुबके रांगेत होते. घराच्या मागच्या भिंतीपासून रांग निघायची आणि संडासाच्या भिंतीपाशी थांबायची. थांबते असं आम्हाला तेव्हा वाटलं.

आत्यांनी एक मुळी उकरून बघितली. जाड, गाठीगाठीची, जमिनीलगत आडवी पसरलेली. त्यांचा चेहरा खुलला.

“वेखंड हाय की ग हे. आमच्या म्हायेरी वढ्याच्या कडंला असंच व्हतं.”

मी पान चुरगळून वास घेतला. वेखंडाचा वास डोक्यात जातो, याला गवताएवढाही नव्हता. तसं मी म्हटलं. आत्यांनी मला वेड्यात काढलं. वल्या हळकुंडाला कुठं दळलेल्या हळदीचा वास असतो, वाळू दे, मग बघ, म्हणाल्या. खरं तर त्यांनी माहेरचा तो ओढा सोडला तेव्हा त्या परकर नेसायच्या. त्यानंतर वेखंड बघितलं ते वाण्याच्या पुडीतलं, सुकलेलं. पण बाळगुटीतलं त्यांना कळत नाही असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. आम्ही सगळे कामगार आधी ज्या चाळीत राहायचो, तिथली सगळी पोरं त्यांच्या हाताखालून गेली होती. मीही गप्प बसले.

थंडीत मला दुसरी मुलगी झाली. सगुणा. माघात तिचं पोट दुखायला लागलं. पोट दगडासारखं व्हायचं, पाय पोटाशी घेऊन ती किंचाळायची, अंगावर प्यायची नाही. आत्यांनी कौलावर वाळत टाकलेली मुळी काढली, सहाणेवर माझ्या दुधात दोन वेढे उगाळली आणि बोटाने चाटवली. मी समोर बसले होते. मांडी माझीच होती.

थोड्या वेळाने सगूच्या तोंडातून लाळेची धार लागली. मग उलटी. मग उलटीवर उलटी आणि खालून पाणी. दुपारपर्यंत तिचे डोळे आत गेले आणि रडण्याचा आवाज मांजराच्या पिलासारखा झाला. मालक पाण्याच्या टाकीवर होते. आत्या आणि मी तिला पदरात गुंडाळून सरकारी दवाखान्यापर्यंत धावत गेलो.

डॉक्टर तरुण होता, कामाचा होता. सलाईन लावायला शीर सापडेना तर त्याने डोक्यातली शोधली. पोरगी त्याने वाचवली, ते मी कधी विसरणार नाही. पण हात मोकळे झाल्यावर त्याने विचारलं, काय दिलं होतं. मी सांगितलं. कुणी दिलं? सांगितलं.

“आधी काय आहे घरात?”

“मुलगी.”

“आणि ही पण मुलगी.”

एवढंच म्हणाला आणि नर्सकडे बघितलं. नर्सने आत्यांकडे बघितलं. त्या दाराशी उभ्या होत्या, धावताना एक चप्पल वाटेत गेलेली, पदराला उलटीचे डाग. त्यांना ते बघणं कळलं. हात त्यांनी हळूच पदराखाली घेतले, जसे काही त्या हातांना रक्त लागलं होतं.

मी डॉक्टरला म्हटलं, साहेब, तुम्ही समजताय तसं नाही. तो म्हणाला, मी काहीच समजत नाही, पण पोलिसांना कळवावं लागेल. झाड कसलं आहे ते कळू दे. वेखंड समजून दुसरं काही दिलं असेल तर चूक. विष माहीत असून दिलं असेल तर ती चूक नव्हे.

क्वार्टर्समध्ये बातमी आमच्या आधी पोचली होती. तोंडावर कुणी काही बोललं नाही, पण ज्या बायकांनी आपली पोरं आत्यांच्या मांडीवर टाकली होती, त्या आता त्यांना बघून पोरं आत घ्यायला लागल्या. एकीने नळावर मला विचारलं, म्हातारीला नातू हवा होता का ग. मी हंडा खाली ठेवला आणि तिला म्हटलं, तुझा पोरगा कावीळ होऊन निपचित पडला होता तेव्हा रात्रभर त्याला घेऊन कोण बसलं होतं? ती गेली निघून. पण विचारलेलं नळावर राहिलंच.

सगू घरी आली, पण आत्या तिला शिवेनाशा झाल्या. स्वयंपाकाला हात लावेनात. वाढलेलं तेवढं खायचं आणि भिंतीकडे तोंड करून बसायचं. मालकांनी समजावलं, मी समजावलं. एकदाच बोलल्या. म्हणाल्या, “जाणून केलं न्हाई. पर हातानंच केलं न्हवं?”

डॉक्टरनेच कॉलेजातल्या परचुरे मॅडमचं नाव सांगितलं, झाडाझुडपांचा विषय शिकवणाऱ्या. मालक पानं घेऊन गेले. मॅडम म्हणाल्या, नुसत्या पानावरून मी पोलिसांपुढे शपथ घेणार नाही, अशी पानं बऱ्याच झाडांना असतात. कळी आहे का? होती. एका झुबक्यात बोटाएवढा कोंब वर आला होता, टोकाला कागदासारखं पातळ आवरण. मग फूल येऊ दे, म्हणाल्या.

झालं. आमच्या घराची अब्रू एका कळीत अडकली. हवालदार येऊन आत्यांचं नाव, वय, गाव विचारून गेला होता आणि परत येतो म्हणाला होता. सकाळी उठलं की आम्ही आधी परसात. बायका भिंतीवरून डोकावायच्या. ज्यांना म्हातारी गुन्हेगार हवी होती त्याही, नको होती त्याही. आत्या तेवढ्या बाहेर येत नव्हत्या.

फूल आलं ते पांढरंशुभ्र. तीन पाकळ्या वर मिटलेल्या, तीन खाली लोंबलेल्या, आणि खालच्या पाकळ्यांच्या जिभेवर पिवळी लव, सुरवंटाच्या अंगावर असते तशी. आमच्यापैकी कुणी असलं फूल कधी बघितलं नव्हतं. परचुरे मॅडम चालत आल्या, बसून बघितलं, पाकळी उलटी करून बघितली. म्हणाल्या, हे वेखंड नाही, आयरिस आहे, परदेशातलं. याची मुळी पोटात गेली की असंच होतं. पण फूल नसताना दोन्ही पानं शेजारी ठेवली तर शिकलेला माणूसही फसेल, हे मी स्वतः डॉक्टरांना सांगते. आणि त्याच पावली त्या दवाखान्यात गेल्या. हवालदार परत आला नाही.

जाता जाता मॅडम थांबल्या. रांगेवरून नजर फिरवत म्हणाल्या, “याला बी धरत नाही हो. वाऱ्याने, पाखराने हे येत नाही. प्रत्येक झुबका कुणीतरी हाताने लावलेला आहे. कुणी लावला?”

आम्हाला काय माहीत? आम्हाला तर सुटल्यासारखं झालं होतं. मी ते फूल तोडलं आणि दवाखान्याकडे निघाले. नर्सला दाखवायचं होतं, खरं सांगते. वाटेत पाव घ्यायला बाजारातल्या इराण्याच्या बेकरीत शिरले. रझाशेठ गल्ल्यावर होते. पांढरी दाढी, अंगात बारा महिने स्वेटर, जन्म याच गावातला, मराठी माझ्यापेक्षा साफ. पावाची पुडी माझ्याकडे करता करता त्यांचा हात तसाच राहिला. ते फुलाकडे बघत होते.

“कुठून आणलंस, बेटी?”

मी सांगितलं, परसातलं. कुठलं परसू? सांगितलं. त्यांनी गल्ला उघडा टाकला आणि आत जाऊन बसले. पोऱ्याने पैसे घेतले.

संध्याकाळी ते आमच्याकडे आले. मालक घरी होते. मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत. परसाच्या उंबऱ्यावर त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि अनवाणी बाहेर गेले. तिथे मी भांड्यांचं खरकटं पाणी टाकायचे. राख टाकायचे. सगूचे लंगोट त्या झुबक्यांवर वाळत होते. शेठ त्या सगळ्यातून जपून चालले, आपण देवळात प्रदक्षिणा घालतो तसे, आणि प्रत्येक झुबक्यापाशी थांबले. ओठ हलत होते. मला काही कळत नव्हतं, पण मी पुढे होऊन लंगोट काढून घेतले.

मग त्यांनी सांगितलं. मोठ्याने नाही, जसं भाव सांगावा तसं. सॅनिटोरियममध्ये क्षयाची माणसं यायची, लांबलांबून. जी मरायची त्यांना गावातल्या कब्रस्तानात, स्मशानात कुणी जागा देत नसे, लोक घाबरायचे. म्हणून त्यांना या उतारावर पुरायचे. मुसलमान, ख्रिश्चन, आणि ज्यांना न्यायला कुणी आलं नाही ते कुठलेही. रझाशेठची थोरली बहीण त्यांतली एक. माहरुख. शेठ तेव्हा हाफ पँटीत होते. त्यांच्या आईने त्यांच्या मुलखातल्या कब्रस्तानातून या फुलाची मुळी रुमालात बांधून आणली. तिकडे कबरीवर हेच लावतात. मुळी वाढली की आई ती फोडायची आणि शेजारच्या कबरीवर लावायची. मग त्याच्या शेजारच्या. म्हणायची, ज्यांचं कुणी येत नाही त्यांनाही फूल पाहिजे.

“दगड होते तेव्हा,” शेठ म्हणाले. “नावं होती. ट्रॅक्टर भरून नेले. मी अर्ज घेऊन गेलो होतो. साहेब म्हणाले, कसली कबर, कागदावर पडीक जमीन आहे. माझ्या बेकरीचं लायसन त्याच टेबलावर होतं. मी परत आलो. त्यानंतर या उताराला पाय लावला नाही.”

तुमचं टेबल. तुम्हाला माहीत होतं. अर्ज तुमच्या हातात आला होता, दगड तुमच्या ट्रॅक्टरमध्ये चढले होते, आणि मग तुम्ही आम्हाला किल्ली दिली आणि पेढे वाटले.

मालक खाली बघत उभे होते. ते तुमचे नोकर. मी बोलायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात आत्या बाहेर आल्या. इतके दिवस परसात पाऊल न टाकलेली बाई. त्यांनी सगळं दारामागून ऐकलं होतं. त्या रांगेच्या कडेकडेने आल्या, शेवटच्या झुबक्यापाशी थांबल्या. तो संडासाच्या भिंतीखाली अर्धा चिरडला होता. पात्याची दोन टोकं सिमेंटमधून बाहेर आली होती.

“शेठ,” त्यांनी विचारलं, “तुमची भन कुटं हाय?”

 शेठनी संडासाकडे बघितलं, मग लगेच नजर काढून घेतली, जसं काही कुणी त्यांना बघताना पकडलं.

आत्या त्या झुबक्यापाशी खाली बसल्या. मी आयुष्यात पुष्कळ लाज बघितली आहे. दवाखान्यातली बघितली, नळावरची बघितली. पण त्या दिवशी त्या परसात जी बघितली तिला खाली बघायलाही जमीन नव्हती. कारण लाज त्या जमिनीचीच होती.

शेवटी मी बोललेच. म्हटलं, उद्या कचेरीत जाते, ओरडते, पेपरात देते. शेठनी हात जोडले. म्हातारा माणूस, माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला.

“नको, बेटी. आज तुझं घर आहे. उद्या इथे दोन्हीकडचे लोक झेंडे घेऊन येतील. माहरुख आजारी पोरगी होती, भांडायचं तिला माहीत नव्हतं. तिच्यावर कुणी भांडू नये. मी आहे तोवर तरी नको.”

“न्हाई बोलणार,” आत्या म्हणाल्या. “शबुद.”

शेठनी एकच गोष्ट मागितली, एक मुळी. आत्या उठल्या. मोरीवर जाऊन त्यांनी हात राखेने घासले, कोपरापर्यंत, दोनदा. मग खुरप्याने तो भिंतीलगतचा झुबका हळूहळू मोकळा केला, मुळी तुटू दिली नाही, आणि ओंजळीत धरून दिली. शेठनी ती रुमालात बांधली.  मला वाटतं आत्यांचे हात त्या दिवशी त्यांना परत मिळाले. त्या रात्री सगूला त्यांनी मांडीवर घेतलं.

सकाळी मी उठले तर त्या डबा घेऊन डोंगराच्या वाटेला लागलेल्या. मी मागे गेले. म्हटलं, आत्या, संडास आहे की.

“हाय. तू जा. तुला लेकरं हाईत, तरणी बाई हायस, कुटं जाशील झुडपात? मला न्हाई जमायचं. एका लेकराला त्या मुळीनं मारत व्हते, आन दुसऱ्या लेकराच्या उरावर बसू?”

वीसेक वर्षं त्या गेल्या. पावसात, धुक्यात, गुडघे धरून. लोकांनी वेडी म्हटलं, घाणेरडी म्हटलं. नाती म्हणाल्या, आजी, आम्हाला मैत्रिणी हसतात. त्यांनी कुणाला कारण सांगितलं नाही. सगूला तर कधीच नाही.

आणि मी? मी संडासात जात राहिले. आजही जाते. मालक गेले, क्वार्टर पुढे मुलीच्या नवऱ्याला मिळालं, आम्हाला दुसरीकडे जागा नाही. आत जाते, तीच कडी लावते, आणि मान खाली घालायची तर खाली बघवत नाही.

तुमचा हार गळ्यात घेऊन त्या सकाळी त्या घरी आल्या. फोटोत त्यांची मान खाली आहे. लोक म्हणाले, म्हातारी लाजली. मी दाराशी हाराला हात लावला तर त्यांनी माझा हात बाजूला केला. तशाच परसात गेल्या. फुलांचे दिवस नव्हते, नुसती पानं होती. त्यांनी हार गळ्यातून काढला, भिंतीपाशी त्या टोकाला ठेवला, नीट पसरला.

“चला,” म्हणाल्या, “तिला बी कुणीतरी हार धाडला.”

रझाशेठ त्याआधीच गेले होते. आत्या पुढच्या हिवाळ्यात गेल्या. दर माघात फुलं येतात. आता मी खरकटं पाणी पुढच्या गटारात टाकते. माझ्याने झालं ते एवढंच.

तुमच्या माणसांनी दगड उचलून ट्रॅक्टरमध्ये टाकले, तेव्हा त्यांवर नावं होती. ज्याने उचलले त्याला वाचता येत नसेल, पण अर्ज ज्याच्या टेबलावर होता त्याला येत होतं. एक नाव मला माहीत आहे. बाकीची कोण आहेत आमच्या घराखाली, आमच्या मोरीखाली, तुमच्या त्या पक्क्या संडासाखाली? दगड कुठे नेले? लेखी सांगा. सगळी नावं लिहून द्या.

वाचता येतं मला.